नाशकात चांगला क्रोसाँ कोठे मिळतो, आणि तो ओळखावा कसा?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या पावसाळ्यापासून जवळजवळ दर रविवारी सकाळी मी नाशकातील एखाद्या बेकरीत किंवा कॅफेत जाऊन क्रोसाँ, म्हणजे बटरच्या पापुद्र्यांचा भाजलेला पाव, खात आलो आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर, कॅनडा कॉर्नर, इंदिरानगर, नाशिकरोड आणि देवळाली कॅम्प एवढा परिसर आतापर्यंत फिरून झाला. बहुतेक ठिकाणी निराशा झाली, पण तीन ठिकाणी असा क्रोसाँ मिळाला की घरी येऊन त्याबद्दल कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवले नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवातीलाच एक विनंती. प्रतिसाद देताना दुकानाचे नाव लिहिण्याऐवजी भाग, वार, वेळ आणि त्या दिवशी हातात नेमके काय पडले ते लिहावे. आपल्या शहरात हा पदार्थ दुकानाचा नसून कारागिराचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. दिवाळीच्या आधी ज्या ठिकाणी मी सलग तीन रविवार उत्तम क्रोसाँ खाल्ला, त्याच ठिकाणी संक्रांतीनंतर गेलो तर पाटी तीच, काउंटर तेच, किंमतही तीच, पण क्रोसाँ मात्र पावासारखा लागला. चौकशी केल्यावर कळले की लाटणारा मुलगा दुसरीकडे कामाला लागला आहे. अशा परिस्थितीत नावांची यादी केली, तर ती सहा महिन्यांत जुनी होईल आणि वाचणाऱ्याचे पैसे वाया जातील.

आता चांगला क्रोसाँ म्हणजे काय, याबद्दल माझी समजूत सांगतो. हातात घेतल्यावर तो आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे. वरचा रंग गडद तपकिरी असावा, पिवळट नसावा. मोडताना कडकड आवाज होऊन कपड्यांवर चुरा पडला पाहिजे, आणि आत मात्र ओलसर, ताणल्यावर सुटत जाणारे पापुद्रे हवेत. मधोमध कापला तर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. तळाशी दाट, पिठूळ, राखाडी पट्टा दिसला तर बटर वितळून खाली उतरले आहे असे समजावे. कागदी पिशवीवर थोडे तेलकट डाग पडणे स्वाभाविक आहे, पण सगळी पिशवीच पारदर्शक झाली असेल तर बटर पापुद्र्यांत राहिलेले नाही.

महात्मानगरच्या बाजूला एका लहान बेकरीत मी साडेनऊला पोहोचलो, तेव्हा ट्रे नुकताच ओव्हनमधून बाहेर आला होता. मी लगेच एक मागितला, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “दहा-पंधरा मिनिटे थांबा. आत्ता मोडलात तर आतून कच्चा लागेल आणि तुम्ही आम्हाला नावे ठेवाल.” मी थांबलो. ट्रेवरचे क्रोसाँ थंड होताना बारीक तडतडत होते आणि तो आवाज दोन हातांवरून स्पष्ट ऐकू येत होता. गिऱ्हाईक समोर उभे असताना माल देण्याचे नाकारणारी बेकरी मला फार विश्वासार्ह वाटते.

याच्या अगदी उलट अनुभव कॉलेज रोडवरील एका देखण्या कॅफेत आला. तेथे मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला क्रोसाँ काटा-चमच्यासह समोर आला. तो चामड्यासारखा ओढला जात होता आणि टाळूला मेणाचा थर बसल्यासारखे बराच वेळ वाटत राहिले. बिल मात्र बटरच्या क्रोसाँचे होते. आपले अनुभव लिहावेत.

इंदिरानगरवासी

धागा काढल्याबद्दल आभार. एक शंका आहे. आपल्याकडची खारी हीसुद्धा पापुद्र्यांचीच असते, आणि जुन्या नाशकातील भट्टीची ताजी खारी अप्रतिम असते. मग ज्या बेकरीची खारी चांगली, तिचा क्रोसाँही चांगला असेल, असे धरून चालता येईल का? मी त्याच हिशेबाने दोन ठिकाणी गेले आणि दोन्ही वेळा फसले. असे का व्हावे, हे कोणी समजावून सांगेल का?

घरचा ओव्हन

इंदिरानगरवासी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या चिरोट्यात आहे. चिरोटे करताना आपण पोळीवर तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतो, पोळ्या एकावर एक ठेवून गुंडाळी करतो आणि तळताना पापुद्रे सुटतात. खारीचे तत्त्वही तेच आहे. दोन्हींत यीस्ट नसते आणि दोन्ही पदार्थ आतून-बाहेरून कोरडे होईपर्यंत तळायचे किंवा भाजायचे असतात. क्रोसाँच्या पिठात मात्र यीस्ट असते. म्हणजे एकाच वेळी दोन कामे साधायची असतात. बटरचे थर अखंड राहिले पाहिजेत, आणि त्यांच्यामधले पीठ पावासारखे फुगलेही पाहिजे. खारीवाल्याचा हात पहिल्या कामात तरबेज असतो, पण दुसऱ्या कामाची त्याला सवय असतेच असे नाही.

मी गेली चार वर्षे घरी क्रोसाँ करते, विक्रीसाठी नव्हे, घरच्यांसाठी. माझी पद्धत सांगते, कारण ती कळली की बेकरीत काय बिघडले असेल हे आपोआप कळते. पहिल्या दिवशी मैदा, दूध, पाणी, थोडी साखर, मीठ आणि यीस्ट मळून पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते. अर्धा किलो मैद्याला अडीचशे ग्रॅम बिनमिठाचे बटर घेते. ते दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटून चौकोनी वडी करते. दुसऱ्या दिवशी ही वडी पिठात बंद करून लाटायची, पत्राला घालतो तशी तिपदरी घडी घालायची, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची आणि पुन्हा लाटायची. असे तीन वेळा केले की तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस असे बटरचे २७ थर होतात. मग लांबट त्रिकोण कापून गुंडाळायचे, दोन-तीन तास फुगू द्यायचे आणि भाजायचे. बटरमध्ये जे थोडे पाणी असते, त्याची वाफ होऊन प्रत्येक थर वरच्या थराला उचलतो. साटा लावलेल्या चिरोट्यापेक्षा क्रोसाँ अधिक उंच होतो, त्याचे श्रेय या वाफेला आणि यीस्टला मिळून आहे.

यात सगळ्यांत नाजूक गोष्ट म्हणजे तापमान. लाटताना बटर फार गार असेल तर त्याचे तुकडे पडतात आणि पिठाला भोके पडतात. ते मऊ झाले तर पिठात मुरते आणि थरच उरत नाहीत. साधारण १३ ते १६ अंशांच्या दरम्यान ते वाकते पण तुटत नाही, आणि ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळते. आता आपल्या नाशकाचा एप्रिल आणि मे आठवा. मागच्या एप्रिलमध्ये मी दुपारी एकला लाटायला घेतले, ही माझी चूक. दुसऱ्या घडीलाच ओट्यावर पिवळा ओघळ दिसला. तरीही हट्टाने मी तसेच भाजले. ट्रेमध्ये क्रोसाँ अक्षरशः स्वतःच्याच तुपात तळले गेले, आणि कापले तेव्हा आत जाळीऐवजी पावाचा गच्च गोळा होता. याउलट डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वयंपाकघरात इतका गारठा असतो की बटर हातात धरले तरी बराच वेळ तसेच राहते. त्या दिवसांत घडी सुरेख पडते, फक्त फुगायला वेळ लागतो.

त्यामुळे बेकरी निवडताना मी एकच गोष्ट बघते. त्यांची लाटण्याची खोली वातानुकूलित आहे का? विचारायला संकोच वाटू देऊ नका. ज्यांनी त्यावर पैसे खर्च केले आहेत, ते आनंदाने आत नेऊन दाखवतात.

देवळालीकर

वर सर्वांनी फ्रान्सचे नाव घेतलेले नाही, तरी ते मनात असणारच, म्हणून थोडी माहिती लिहितो. क्रोसाँचा पूर्वज ऑस्ट्रियातील ‘किप्फेर्ल’ नावाचा चंद्रकोरीच्या आकाराचा पाव होय. १८३८-३९ च्या सुमारास ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, आणि तेथून हा आकार पॅरिसकरांच्या अंगवळणी पडला. हा झांग पूर्वी तोफखान्यात अधिकारी होता. आमच्या देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे मला या गोष्टीचे विशेष अप्रूप वाटते. पुढे तो व्हिएन्नाला परतला आणि १८४८ मध्ये त्याने तेथे ‘दी प्रेसे’ हे वृत्तपत्र सुरू केले. मात्र त्याच्या बेकरीतला पाव आजच्यासारखा पापुद्र्यांचा नव्हता. बटरच्या घड्या घातलेला क्रोसाँ विसाव्या शतकाच्या आरंभीच्या फ्रेंच पाककृतींत दिसू लागतो. १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांच्या पराभवाच्या आनंदात हा आकार जन्मला, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते, पण ती दंतकथा आहे.

एक उपयुक्त गोष्ट आकाराबद्दल. फ्रान्समध्ये शुद्ध बटरचा क्रोसाँ बहुधा सरळ ठेवतात आणि टोके आत वळवलेला बहुधा मार्जरीनचा (बटरऐवजी वापरतात त्या, तेलापासून केलेल्या घट्ट चरबीचा) असतो. ही खूण नाशकात अजिबात चालत नाही. आपल्याकडे सरळही मार्जरीनचा असतो आणि वळवलेलाही. तेव्हा आकारावर जाऊ नये.

देवळाली कॅम्पात मला शनिवारी सकाळी साडेआठला एका जुन्या बेकरीत चांगला क्रोसाँ मिळाला. ते फक्त शनिवारी आणि रविवारी करतात, आणि संख्या इतकी थोडी असते की दहानंतर जाण्यात अर्थ नाही.

गोदाकाठ (धागाकर्ता)

घरचा ओव्हन, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या वहीतील नोंदी पुन्हा पाहिल्या. एप्रिल ते जून या काळात मी अकरा ठिकाणी गेलो आणि त्यांतील नऊ नोंदींत ‘तळाशी गच्च’ असे लिहिले आहे. तेव्हा मी त्याचा दोष कारागिराला देत होतो. आता वाटते की त्यातला बराचसा दोष उन्हाचा आणि दुपारच्या लाटण्याचा असावा.

वेळेबद्दल मात्र मला तक्रार करायची आहे. आपल्याकडे रविवारची सकाळ मिसळीची असते, आणि ती तशीच राहावी. पण त्यामुळे बऱ्याच बेकऱ्या क्रोसाँ सकाळी भाजतच नाहीत. गिऱ्हाईक संध्याकाळी येते म्हणून दुपारी भाजतात, आणि सकाळी दहाला काचेमागे दिसतो तो आदल्या दिवशीचा माल असतो. क्रोसाँ भाजल्यावर सहा-सात तास चांगला राहतो. रात्रभर राहिला की बाहेरचा कडकपणा जातो. म्हणून ‘ताजा आहे का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सगळीकडे ‘हो’ असेच येते. ‘आज किती वाजता भाजला’ असे विचारावे.

पंचवटी

आमच्याकडे अंडे चालत नाही. श्रावणात तर घरात विषयच नको. क्रोसाँमध्ये अंडे असते का, आणि नसेल तर चवीत फरक पडतो का?

घरचा ओव्हन

पंचवटी, पिठात अंड्याची गरज नसते, आणि पुष्कळ कारागीर ते घालतही नाहीत. अंडे येते ते वरून लावलेल्या हातात. चकाकी आणि गडद रंग यावा म्हणून भाजण्यापूर्वी फेटलेले अंडे ब्रशने लावतात. त्यामुळे ‘पिठात अंडे नाही’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. ‘वरून काय लावता?’ हेही विचारा. पाकीटबंद असेल तर हिरवी खूण पाहावी. अंड्याऐवजी दूध किंवा साय लावली तर रंग थोडा फिका येतो आणि चकाकी कमी दिसते, पण पापुद्र्यांत काहीही फरक पडत नाही. मी घरी सायच लावते. धागाकर्त्यांनी रंग गडद असावा असे लिहिले आहे, त्यात बिनअंड्याच्या क्रोसाँला थोडी सूट द्यावी.

भट्टीवरचा

मी नाशिकरोडला एका बेकरीत नऊ वर्षे काम केले आहे. आता दुसरा व्यवसाय करतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहू शकतो.

धागाकर्त्यांना टाळूवर मेणाचा थर जाणवला, तो मार्जरीनचा होता. पफ आणि खारीसाठी जे मार्जरीन येते, ते उन्हाळ्यातही घट्ट राहावे अशाच रीतीने बनवलेले असते. लाटणाऱ्याला ते फार सोयीचे असते, कारण वातानुकूलित खोली नसली तरी काम निभावते. पण ते तोंडातल्या उष्णतेने पूर्ण वितळत नाही, म्हणून टाळूला चिकटते. बटर जिभेवर ठेवताच वितळते. खारी आपण चहात बुडवून खातो, चहा गरम असतो, म्हणून तेथे हा दोष लपतो. क्रोसाँ नुसता खाल्ला की लगेच उघडा पडतो. खारीवाल्या बेकरीत इंदिरानगरवासी का फसल्या, त्याचे हेही एक कारण असावे. मार्जरीनमध्ये पूर्वी ट्रान्स फॅट, म्हणजे आरोग्याला अपायकारक चरबी, पुष्कळ असे. जानेवारी २०२२ पासून एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, तेल-तुपातील त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. मात्र चवीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

किमतीचाही विचार करावा. एका क्रोसाँत १५ ते २० ग्रॅम बटर जाते. त्यात दोन दिवसांचे काम, फ्रीज, वातानुकूलन, आणि लाटण्याचे यंत्र असेल तर त्याचा हप्ता. एवढे करून कोणी पन्नास-साठ रुपयांना बटरचा क्रोसाँ देत असेल, तर मला तरी तो हिशेब जुळवता येत नाही. पण किंमत जास्त आहे म्हणजे बटर आहे, असाही अर्थ काढू नका.

विचारताना शब्द जपून वापरा. आपल्या बेकऱ्यांत ‘बटर’ म्हणजे चहाबरोबरचे ते कडक गोल बटर. शिवाय कारागीर मार्जरीनलाही सर्रास बटर म्हणतात, त्यात फसवण्याचा हेतू नसतो. म्हणून ‘बटर वापरता का’ असे विचारण्यापेक्षा ‘कोणते बटर वापरता, पाकीट कोणते आहे’ असे विचारा. अमूलचे बिनमिठाचे, अमुक डेअरीचे, असे नाव पटकन सांगितले तर ते खरे समजावे. उत्तरादाखल नुसते ‘चांगल्यातले’ असे आले तर काय ते समजून घ्या.

आणखी एक. गोठवलेले तयार क्रोसाँ आणून फक्त भाजणारे कॅफे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे तुच्छतेने पाहू नये. खुद्द फ्रान्समध्येही असे क्रोसाँ भरपूर विकले जातात. बटरचा, नीट साठवलेला आणि नीट भाजलेला गोठवलेला क्रोसाँ हा मे महिन्यात हाताने लाटलेल्या वितळक्या क्रोसाँपेक्षा कितीतरी चांगला. अडचण येते ती वीज गेल्यावर. फ्रीजर काही तास बंद राहिला आणि माल अर्धवट सुटून पुन्हा गोठला, की यीस्टही मरगळते आणि थरही बिघडतात. दुरुस्तीसाठी ज्या दिवशी तुमच्या भागातील वीज दिवसभर बंद होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

इंदिरानगरवासी

भट्टीवरचा, तुमचे आणि घरचा ओव्हन यांचे मनःपूर्वक आभार. ‘कोणते पाकीट’ हा प्रश्न मी काल गोविंदनगरच्या बाजूला एका ठिकाणी विचारला. तेथील मुलाने फ्रीज उघडून पाकीटच दाखवले. क्रोसाँ दोन घेतले, एक तेथेच खाल्ला. जाळी चांगली होती, एका टोकाला धरून ओढला तर लांब पट्टी सुटत आली, मेणचट चव अजिबात नव्हती. वेळ सकाळी पावणेअकरा, वार शनिवार.

दुसरा घरी आणला, आणि संध्याकाळपर्यंत तो मऊ पडला. तो पुन्हा कडक कसा करावा?

घरचा ओव्हन

ओटीजी (घरगुती विजेचा लहान ओव्हन) असेल तर १६० ते १७० अंशांवर पाच मिनिटे, आणि बाहेर काढल्यावर तीन-चार मिनिटे तसाच राहू द्यावा, कारण कडकपणा निवतानाच येतो. ओटीजी नसेल तर जाड तवा मंद आचेवर तापवून त्यावर ठेवावा, वर खोलगट झाकण घालावे, पण झाकण थोडे कलते ठेवावे म्हणजे वाफ कोंडणार नाही. दर मिनिटाला बाजू बदलावी. मायक्रोवेव्ह नको.

गोदाकाठ (धागाकर्ता)

आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून वहीत नवी पाने आखली आहेत. माझ्या तीन जागा येथे नोंदवतो. महात्मानगरच्या बाजूची लहान बेकरी, रविवारी सकाळी साडेनऊ ते अकरा. गंगापूर रोडवर शहराबाहेर पडताना डाव्या हाताला लागणारा कॅफे, तेथे भाजण्याची वेळ सकाळी आठ आहे आणि माल गोठवलेला असल्याचे ते स्वतःच सांगतात, तरी उत्तम असतो. तिसरी जागा कॅनडा कॉर्नरजवळ आहे. तेथे साधा क्रोसाँ ठीक आहे, पण आदल्या दिवशीचे उरलेले क्रोसाँ कापून, बदामाचे सारण भरून पुन्हा भाजतात, ते अतिशय सुरेख लागतात. शिळ्या मालाचा इतका प्रामाणिक आणि चवदार उपयोग मी नाशकात दुसरीकडे पाहिलेला नाही. फ्रान्समध्येही बदामाचा क्रोसाँ असाच, उरलेल्यांतून करण्याची रीत आहे.

गोविंदनगरची जागा चौथी म्हणून तूर्त पेन्सिलीने लिहिली आहे. देवळालीकरांनी सांगितलेल्या बेकरीत येत्या शनिवारी आठ वाजता पोहोचतो. कोणाला यायचे असल्यास येथेच कळवावे, म्हणजे आदल्या दिवशी जाऊन तेवढे क्रोसाँ राखून ठेवायला सांगता येईल.

देवळालीकर

माझे दोन धरा. आणि आठऐवजी सव्वाआठला या, ट्रे त्याआधी बाहेर येत नाही.